आधी पाण्याची वेळ सांगा, मग वजनाचं बोलू

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात आणि शहरांच्या आरोग्य कार्यालयांत बसून धोरण आखणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. इकडे त्याला 'मेडिकल' म्हणतात आणि मला 'मेडिकलवाले अण्णा'. बावीस वर्षं झाली. शेजारी यंत्रमागाचे कारखाने, मागच्या गल्ल्यांत घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका, कोपऱ्यावर भज्यांची गाडी. "अण्णा, आपण दोघं एकाच गिऱ्हाइकावर जगतो," असं गाडीवाला म्हणतो. म्हणतो गमतीनं, पण हिशेब बरोबर आहे.

माझ्या दुकानाच्या पायरीवर रुपया टाकून वजन बघायचा काटा होता. दिवसभर त्याच्यावर पोरं नाचायची. मोठी माणसं चढायची ती रात्री नऊनंतर, रस्ता मोकळा झाल्यावर. बायका तर तेव्हाही नाही. एका पावसाळ्यात पायरीवर पाणी यायला लागलं म्हणून मी काटा उचलून आत फ्रीजच्या मागे ठेवला. तिथे कॅलेंडरं टांगायची एक फळी आड येते. त्या महिन्यापासून बायका विचारत येऊ लागल्या, "अण्णा, काटा चालू आहे का?" काटा तोच, रुपयाही तोच. आकडा मात्र आता जिचा तिलाच दिसत होता.

लोकांचं वजन आणि मन यांसाठी तुम्ही जे धोरण आखता त्याबद्दल मला जे बोलायचंय, त्यातलं निम्मं त्या फळीत आहे. उरलेलं निम्मं नळात आहे.

फळीचं आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका समाजमंदिरात तपासणी शिबिर होतं, मी औषधवाटपाच्या टेबलावर बसलो होतो. काट्याजवळ एक पोरगा, वहीवाला त्याच्यापासून दोन टेबलं लांब. त्यामुळे पोरगा प्रत्येकाचं वजन ओरडून सांगत होता. एक विडी कामगार बाई काट्यावर चढली आणि हा ओरडला, "त्र्याऐंशी पॉइंट चार!" रांगेतल्या माना वळल्या. बाई हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. माझ्याकडून कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या आणि दाराकडे निघाली. मी म्हटलं, "अक्का, बीपीचं टेबल राहिलं." म्हणाली, "गावाला कळलं की एवढं, आता बास झालं." आठ-नऊ महिन्यांनी तिचा मुलगा चिठ्ठी घेऊन दुकानात आला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. तिचं बीपी त्या दिवशी मोजलं असतं तर हे टळलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती टेबलापासून तीन पावलांवर होती आणि ती तीन पावलं आपण तिला चालू दिली नाहीत, एवढं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दुखणं खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या मधुमेहावरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यात देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर, असं दिसलं. पोट सुटलेल्यांचं प्रमाण ३९.५ टक्के. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के हव्या त्यापेक्षा हडकुळ्या. मला हे दोन्ही आकडे एकाच घरातून भेटतात. आई शुगरची गोळी न्यायला येते आणि तिची सून रक्तवाढीची. दोघींच्या ताटात तोच भात असतो.

शिवाय काटा सगळं सांगतही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हा म्हणतात, आणि कमरेचं माप पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही हद्द धरतात. माझ्या दुकानात 'मी तर बारीक आहे' म्हणणारे, काडीसारखे हातपाय आणि पुढे नगाऱ्यासारखं पोट असलेले यंत्रमाग कामगार रोज येतात. त्यांना कुठल्याही शिबिरात कुणी लठ्ठ म्हणत नाही आणि तपासतही नाही.

आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, तो मी वाचलाय, कारण आमच्या गल्लीतली आशाताई पेन विसरली की माझ्याच काउंटरवर भरते. फॉर्म चांगला केलाय, खरंच. वय, तंबाखू, कमरेचं माप, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी. आणि पुढे मनाचेही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का. ज्यानं कुणी कंबर आणि मन एका कागदावर आणलं त्याचं मला कौतुक आहे. पण तो प्रश्न विचारला कुठे जातो? उंबऱ्यात. सासू सुपातली पानं कापत बसलेली, दीर मोबाइल बघत पडलेला, आणि आशाताई विचारते, "ताई, उदास वाटतं का?" उत्तर काय येणार? "नाही." टिक. पुढचं घर. बरं, एखादीनं 'हो' म्हटलंच, तरी पुढे वाटा फुटतात. शुगरची रांग वेगळी, मनाच्या डॉक्टरांचा वार वेगळा, आणि दोन्हीकडे एकेका दिवसाची मजुरी बुडते.

आता नळ.

सोलापूरला पाणी रोज येत नाही. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी आमच्याकडे नळ येणार चार-पाच दिवसांआड. येईल त्या दिवशी कधी येईल याचा नेम नाही. रात्री बाराला म्हणाले की बारापासून जागायचं, आणि यायचं ते तीनला. मग मोटर, टाकी, पिंपं, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा. साडेपाचला पाणी जातं, सहाला पोरांचे डबे, सातला सकाळची पाळी. पाणी येऊन गेल्याच्या दिवशी डोकेदुखीच्या आणि पित्ताच्या गोळ्या किती जातात ते माझ्या गल्ल्यावरून कळतं. कुणाच्या घरी कालची रात्र जागून काढली, हे तोंडाकडे न बघता सांगू शकतो मी.

हे मी पाणीपुरवठा खात्याला न लिहिता तुम्हाला का लिहितोय? झोप तुटली की भूक चाळवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं घटतं. साखर चढते, रक्तदाब चढतो, माणूस चिडचिडा होतो, लेकरांवर हात उगारतो आणि मग रडत बसतो. वजन आणि मन, ज्या दोन गोष्टींसाठी तुम्ही दोन कार्यक्रम काढलेत, त्या दोन्ही त्या नळाखाली एकत्र भिजतात. आमच्या भागापुरतं बोलायचं तर पाण्याचं वेळापत्रक हेच सगळ्यात मोठं आरोग्य धोरण आहे, आणि त्या बैठकीला आरोग्य खात्यातलं कुणी असतं असं मी तरी ऐकलेलं नाही.

नळ झोप चोरतो. दुसरी चोरी वेळेची. 'रोज तीस मिनिटं चाला' हे सरकारच्या फिट इंडियाच्या आधीपासून ऐकतोय, तो कार्यक्रम तर २९ ऑगस्ट २०१९ ला निघाला. सल्ल्यात खोट नाही. मी स्वतः चालतो, सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला. तिथे भेटतात ते सेवानिवृत्त मास्तर, बँकवाले, कापडाचे व्यापारी. विडी वळणारी बाई मला तिथे आजवर दिसलेली नाही. एकीला मी एकदा चालायचा उपदेश केला तर तिनं तिथल्या तिथे हिशेब मांडला: "अण्णा, हजार विड्यांना आठ-दहा तास लागतात. अर्ध्या तासात पन्नास-साठ विड्या होतात. त्याचे पैसे तू देतोस का?" मी काय देणार? मी तिला गोळ्यांवर दहा टक्के सूट दिली. मांडीवर सूप, मान खाली, गुडघे दुमडलेले, नाकात जर्द्याची धूळ, आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या मोजून देताना किती छाटात, म्हणजे नापास मालात, जातील याची धास्ती. त्या धास्तीला तुमच्या भाषेत तणाव म्हणतात. ती म्हणते, "पोटात गोळा येतो."

या बायकांसाठी एक सोय होती, तीही सांगून ठेवतो. १९७६ च्या कायद्यानं विडीवर उपकर बसवला आणि त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरं यांचा खर्च चाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तंबाखूची पुडी हातात तशीच राहिली, तिच्या नावानं बाजूला पडणारा पैसा तेवढा थांबला.

खाण्याचंही बोलू, कारण तुमचे बहुतेक फलक खाण्यावरच असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं. बरोबर सांगितलं. आम्ही सोलापूरकर शेंगदाण्याच्या चटणीवर वर आणखी तेल ओतून घेणारी माणसं, आम्हाला ते लागू आहेच. पण त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून फरसाणावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, बिस्किटं आणि आइस्क्रीमवरचा १८ वरून ५ वर. साखरेच्या फेसाळ पेयांवर ४० टक्के लावले, ते चांगलं केलं. पण विड्या वळणारी आई दुपारी रडणाऱ्या पोराच्या हातात काय देते? पाच रुपयांचा पुडा. तो पुडा सरकारनं आणखी सोपा करून दिला आणि शाळेत साखरेचे दुष्परिणाम सांगणारा फलक लावला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या मसुद्यात तर खाणं किती पौष्टिक ते दाखवायला पाकिटांवर तारे द्यायचं घाटत होतं. चिप्सच्या पुड्यावर दीड तारा बघून आमच्या गल्लीतलं पोर म्हणणार, वा, तारा मिळाला! चिली देशानं २०१६ पासून सरळ काळे अष्टकोनी ठसे मारले, 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. ज्याला वाचता येत नाही त्यालाही काळा ठसा कळतो.

आणि ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रब्बी ज्वारीवर संशोधन करणारं केंद्र आमच्याच शहराच्या कडेला आहे. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं. आमच्या कडक भाकऱ्या पाकिटात बसून पुण्या-मुंबईला जातात. पण इथल्या रेशनच्या पिशवीत वर्षानुवर्षं मुख्यतः गहू आणि तांदूळच पडतात. शिवाय ज्वारी दिली म्हणजे झालं असंही नाही, भाकरी थापायला हात मोकळे लागतात. जिचे हात पानं कापण्यात आणि दोरा बांधण्यात गेलेत ती कुकर लावते. म्हणजे फिरून गाडी वेळ मिळण्यावरच येते.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी वजनाचं इंजेक्शन आलंय. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये. मौंजारोच्या सगळ्यात लहान, २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत तेव्हा ३,५०० रुपये होती, आणि ती आठवड्याला एक लागते. औषध म्हणून ते चांगलं आहे, योग्य रुग्णाला योग्य डॉक्टरनं दिलं तर. पण पूर्व भागातली एक बाई परवा विचारत होती, "ती सुई रेशनवर मिळंल का कधी?" ती चेष्टा करत नव्हती.

मनाच्या औषधांबद्दल मला जरा दबकत बोलावं लागतं, कारण माझ्याकडे एक रजिस्टर आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या शेड्युल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, येतात. २०१४ पासून त्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायची, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिल्या, आणि ती वही तीन वर्षं जपायची. त्याआधी चिठ्ठी नसताना ओळखीवर मीही कुणाकुणाला दोन-चार गोळ्या दिल्यात, खोटं कशाला बोलू? आता देत नाही. ती वही तपासायला येणारे निरीक्षक नोंदी पूर्ण आहेत का एवढंच बघतात. माझ्या भागात गोळ्या कुठल्या महिन्यात वाढतात, शाळेची फी भरायच्या दिवसांत की यंत्रमागाची मंदी लागली की, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. नावं मी मरेपर्यंत सांगणार नाही. पण महिने सांगेन.

एका पोराचं सांगतो, ओळख पटणार नाही इतपत. चोवीस-पंचवीसचा, मागावर कामाला. मनाचा आजार झाला, डॉक्टरांनी ओलांझापिन दिलं. पोरगा सुधारला, कामावर जायला लागला. पण या गोळीनं भूक आणि वजन वाढतं, आणि त्याचं सात-आठ महिन्यांत चौदा किलो वाढलं. कारखान्यात त्याला 'ढोल' म्हणायला लागले. त्यानं गोळी परस्पर बंद केली. मला कळलं ते त्याचा बाप चिठ्ठी घेऊन यायचा थांबला तेव्हा. पुढे जे व्हायचं तेच झालं, पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी डॉक्टर गोळी बदलू शकतात, सोबत दुसरं औषध देऊ शकतात, सुरुवातीपासून वजन आणि साखर बघत राहू शकतात. पण मन बघणारी खोली आणि वजन बघणारी खोली वेगळी असली की मधल्या व्हरांड्यात असा पोरगा हरवतो.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, नंबर मी गोळ्यांच्या पाकिटावर हातानं लिहून देतो. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, २० भाषांत आहे. सरकारनं केलेल्या कामांपैकी मला मनापासून आवडलेलं हे एक. पण आमच्या भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, काहींत कन्नड. भिंतीवरचा फलक मराठीत, आणि त्यावर शब्द काय? 'मानसिक आरोग्य'. 'मानसिक' म्हटलं की लोकांना वेड आठवतं. दुकानात मला ऐकू येतं ते असं: जीव घाबरतो, डोकं गच्च झालंय, झोप तुटते, कशात मन लागेना. फलकावर हेच लिहा, तिन्ही भाषांत. नंबर लोकांना आपोआप पाठ होईल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की बहुतेक मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एक कारण हे शब्दही असतील, असं मला वाटतं.

मागणं फार मोठं नाही. नळाची वेळ आदल्या दिवशी मोबाइलवर कळवा आणि ती पाळा, शक्यतो रात्री दहाच्या आत, आणि हा खर्च खुशाल आरोग्याच्या खात्यात दाखवा. वजनाच्या काट्याला प्रत्येक शिबिरात एक आडोसा द्या, आकडा लिहा, बोलू नका. शुगर, बीपी, कंबर आणि मन बघणारी माणसं एकाच संध्याकाळी एकाच छपराखाली बसवा. संध्याकाळी, कारण सकाळची मजुरी बुडवून कुणी येत नाही. विडी कारखान्यात माल द्यायची जी रांग लागते, तिथे आठवड्यातून एकदा तुमचं पथक पाठवा, बाई तिथे तशीही तासभर उभीच असते. आशाताईला तो दोन प्रश्नांचा कागद बाजूला बसून विचारायची मुभा द्या, आणि त्या वेळेचे पैसेही द्या. घरांच्या आकड्यावर मोबदला ठरला की ती उंबऱ्यातूनच विचारणार, तिचंही पोट आहे.

यातलं काही करायच्या आधी बघायला यायचं असेल तर जरूर या, गाडीवर दिवा नसला तर जास्त बरं. काटा फ्रीजच्या मागेच आहे. दुकान सकाळी साडेनऊ ते रात्री साडेदहा उघडं असतं. येत्या मंगळवारी रात्री आमच्या गल्लीत पाण्याची पाळी आहे, तेव्हा बुधवारी सकाळी येऊ नका. बुधवारी मीही अकराशिवाय शटर उघडत नाही.

आपला,
पूर्व भागातला एक मेडिकलवाला
सोलापूर